लेप्टोच्या चाचणीपट्टीवरील तांबडी रेषा

आषाढात अलिबाग, पेण व मुरूड तालुक्यांतील खाचरांत लावणीची घाई उडते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माणसे पोटरीभर चिखलात उभी असतात. बांधांत बिळे करणारे उंदीर, तशीच गुरे व कुत्री यांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरा जातीचे जंतू त्याच पाण्यात उतरतात आणि पायांच्या भेगांतून वा जखमांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. भातखाचरांत त्याला महापूर लागत नाही.

तापाचे कारण लवकर कळावे म्हणून रक्ताच्या थेंबावर चालणारी चाचणीपट्टी वापरण्यात येते. तिचे सारे मर्म पृष्ठभागावर प्रथिने कशी बसविली आहेत यात आहे. नायट्रोसेल्युलोजच्या सच्छिद्र पापुद्र्यावर जंतूंचा प्रथिनयुक्त अंश एका रेषेत सोडून वाळवितात. तो तेथेच घट्ट चिकटतो. उरलेली जागा दुधातील केसीनसारख्या प्रथिनाने भरून टाकतात, नाही तर रक्तातील भलतेच पदार्थ चिकटून खोटी रेषा उमटावयाची. रोग्याच्या रक्तात या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली असल्यास ती रेषेवर अडकतात, व त्यांना धरणारे सोन्याचे सूक्ष्म कणही तेथे गोळा होतात. इतके बारीक झालेले सोने पिवळे नव्हे, तांबडे दिसते!

सोन्याच्या कणांवरही प्रतिपिंडेच बसविलेली असतात. रोप उलटे रोवले तर ते जगत नाही. तद्वत या प्रतिपिंडांची पकड घेणारी टोके पृष्ठभागाकडे दबली, तर ती निरुपयोगी होतात. उष्णता व ओलावा यांनीही प्रथिनाची घडण बिघडते. सबब किनाऱ्यावरील दमट हवेत पट्टीचे पाकीट चाचणीच्या वेळीच फोडावे. सकाळी फोडलेली पट्टी दुपारी वापरू नये. नियंत्रण-रेषा न उमटल्यास पट्टी बाद समजावी.

याहून मोठी चूक पट्टीची नसते, वाचणाऱ्याची असते. चाचणीस पुरेशी प्रतिपिंडे रक्तात येण्यास ताप सुरू झाल्यापासून साधारणतः पाच ते सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी रेषा उमटली नाही म्हणून रोग नाही, असे मानून कोणी पुन्हा चिखलात उतरू नये. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व लाल डोळे ही लक्षणे दिसताच रोग्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. वैद्यकीय अधिकारी लक्षणांवरूनही उपचार सुरू करू शकतात. डोळे पिवळे झाले वा लघवी कमी झाली, तर घटकाभरही थांबू नये. रोगी लावणीस गेला होता, हे कार्यकर्त्याने डॉक्टरांना प्रथम सांगावे.