दिवाळीनंतर शेवंतीची कुंडी फेकू नका. पुढच्या वर्षीही फुलेल, फक्त रात्रीच्या दिव्यापासून जपा

दिवाळीला आणलेली शेवंती बहर ओसरला की अनेक घरांतून कचऱ्यात जाते. पण झाड मेलेले नसते. थंड देशांत ते बर्फापासून जपावे लागते. भिवंडीत धोका मे महिन्यातील उन्हाचा आणि पावसाळ्यात कुंडीत साचणाऱ्या पाण्याचा.

काय कराल?

• बहर संपताच फांद्या १० ते १५ सेंटीमीटर ठेवून छाटा.
• उन्हाळ्यात दुपारी सावली द्या, माती ओलसर ठेवा.
• जूनमध्ये मुळाजवळचे फुटवे मुळांसह वेगळे करून पाण्याचा निचरा होणाऱ्या कुंडीत लावा. मुसळधार पावसात आडोसा द्या.
• महिन्याभराने शेंडे खुडा, फांद्या वाढतील. ऑगस्टनंतर खुडू नका.

तरीही कळ्या का येत नाहीत?

शेवंतीला कळी धरण्यासाठी मोठी, अखंड अंधारी रात्र लागते. यंत्रमागाच्या गाळ्याचा किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर कुंडीवर पडला, तर झाड हिरवेगार राहते, पण फुलत नाही. व्यावसायिक उत्पादक रात्री दिवे लावून मुद्दाम बहर लांबवतात, ते याच कारणाने. त्यामुळे सप्टेंबरपासून कुंडीला दिवसा ऊन आणि रात्री पूर्ण अंधार मिळेल, अशी जागा शोधा.