वेब अनुप्रयोगांतील दीर्घकालीन विनंत्यांची हाताळणी

प्रस्तावना :
वेब अनुप्रयोगांचे कार्य 'विनंती व प्रतिसाद' या तत्त्वावर चालते. ब्राउझर विनंती पाठवितो आणि सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत प्रतीक्षा करतो. जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये नमूद केल्याप्रमाणे, वापरकर्त्याचे लक्ष एखाद्या कामावर सुमारे १० सेकंदच टिकून राहते. मात्र हजारो विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका एकत्रितपणे तयार करण्यासारख्या कामास कित्येक मिनिटे लागतात. अशा कामांच्या हाताळणीचे विवेचन सदर लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
ब्राउझर आणि अनुप्रयोग यांच्यामध्ये बहुधा एनजिनएक्ससारखा मध्यस्थ सर्व्हर असतो. मुळातील मांडणीनुसार ६० सेकंदांपर्यंत अनुप्रयोगाकडून काहीच न आल्यास तो ५०४ हा त्रुटी-संकेत देतो. ही मर्यादा वाढविणे हा तात्पुरता उपाय होय. कारण अनेक मांडण्यांत प्रत्येक प्रलंबित विनंती एक प्रक्रिया अडवून ठेवते व अशा सर्व प्रक्रिया व्यापल्या गेल्यास साधे पृष्ठही उघडत नाही.

याहून गंभीर बाब अशी की, जोडणी तुटली म्हणजे काम थांबले असे नव्हे. ५०४ या संकेताचा अर्थ 'वेळेत उत्तर आले नाही' एवढाच असतो. वापरकर्ता मात्र काम फसले असे समजून पुन्हा कळ दाबतो आणि परीक्षा शुल्क दोनदा भरले जाण्याची शक्यता निर्माण होते.

उपाययोजना :
विनंतीचा स्वीकार आणि कामाची पूर्तता या दोन क्रिया विभक्त करणे, हा यावरील मूलभूत उपाय आहे.

१) स्वीकार : सर्व्हर कामाची नोंद रांगेत करतो आणि २०२ या संकेतासह कामाचा क्रमांक तत्काळ परत देतो. बँकेत धनादेश दिल्यावर मिळणाऱ्या टोकनाप्रमाणे हा क्रमांक काम स्वीकारल्याची खूण असतो. पूर्ततेची हमी नव्हे.

२) पूर्तता : सेलरी, साइडकिक यांसारख्या साधनांच्या साहाय्याने स्वतंत्र प्रक्रिया रांगेतील कामे पार पाडतात.

३) स्थितीची माहिती : ब्राउझर ठरावीक अंतराने कामाच्या क्रमांकावरून स्थिती विचारतो. सतत बदलणारी माहिती हवी असल्यास २०११ मध्ये प्रमाणित झालेले वेबसॉकेट उपयुक्त ठरते. काही मिनिटांच्या कामास नियमित विचारणा पुरेशी असते.

घ्यावयाची दक्षता :
प्रक्रिया मध्येच बंद पडल्यास रांग तेच काम पुन्हा सोपवू शकते. म्हणून प्रत्येक विनंतीस एकमेव ओळख-क्रमांक द्यावा व विदागारात त्याची पुनरावृत्ती होऊ देऊ नये. तोच क्रमांक पुन्हा आल्यास नवे काम सुरू न करता पूर्वीच्याच कामाची स्थिती कळवावी. काम अयशस्वी झाल्यास तेही स्पष्टपणे दर्शवावे. कामाची स्थिती केवळ संबंधित वापरकर्त्यासच दिसावी.

निष्कर्ष :
दीर्घकालीन विनंतीचा प्रश्न केवळ वेगाचा नसून विश्वासार्हतेचा आहे. प्रतीक्षेची मर्यादा वाढविल्याने अनिश्चितता लांबते. कामाची नोंद, क्रमांक आणि स्थिती उपलब्ध करून दिल्याने ती दूर होण्यास मदत होते.