मागल्या चाकांची कैफियत

सुटीत घरची मोटार गावी न्यायची म्हणजे दोन दिवस आधीपासून धांदल. फराळाचे डबे, आजीची औषधे, मुलांची खेळणी, सारे आठवणीने डिकीत जाते. मोटारीची तयारी मात्र काच पुसण्यात आणि टाकी भरण्यात आटोपते. फार तर एखादे चौकस गृहस्थ पुढच्या टायरांवर नजर टाकतात. मागल्या चाकांकडे वाकून पाहणारा विरळाच!

पुढच्या चाकांचे बिनसले की ती लगेच कुरकुरतात. स्टिअरिंग थरथरते, गाडी एका अंगाला ओढते. मागल्या चाकांची तऱ्हा निराळी. ती मुकाट्याने सोसतात. शिवाय पुढचे चाक वळवले की त्याच्या टायरची आतली कड दिसते. मागले चाक वळतच नाही. त्यामुळे बाहेरून टायर झकास आणि आतून पार गुळगुळीत, असा प्रकार महिनोन्‌महिने खपून जातो.

गॅरेजवाले म्हणतात, ‘गाडी टायर खातेय.’ मोठा बोलका शब्दप्रयोग! आणि कसे खाल्ले आहे, यावरून कारण बरेचसे ओळखता येते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. नुसता मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. केवळ आतली कड गेली असेल, तर चाक वरच्या बाजूने आत कललेले असते, नाही तर दोन्ही चाकांची तोंडे पुढे फाकलेली असतात. पहिल्या दोषाला कॅम्बर बिघडला म्हणतात, दुसऱ्याला टो. टायरवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला, तर दोष टोचा. जागोजाग खळगे पडले असतील, तर शॉक ॲब्सॉर्बर थकले असावेत.

आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत मागली दोन्ही चाके एका आडव्या पोलादी तुळईला जोडलेली असतात. मागचा टो वा कॅम्बर जुळवायला तेथे सहसा स्क्रू नसतो. खोल खड्ड्यात चाक आदळले, फुटपाथच्या दगडावर आपटले की ही तुळई किंचित वाकते आणि टायर झिजू लागतो. आपण अलाइनमेंटला जातो, दुकानदार पुढचीच चाके जुळवून देतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मागली चाके तिरकी असली, की पुढची कितीही नीट जुळवली तरी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे धरावे लागते.

तेव्हा चारही चाकांची मापे घ्यायला सांगावे, आणि छापील कागदावर मागल्या चाकांचे आकडे मर्यादेत आहेत की नाहीत ते स्वतः पाहावे. नसतील, तर चाकाच्या जोडापाशी पातळ चकती घालून किंवा तुळई बदलून दोष काढावा लागतो. तो न काढता घातलेले नवे टायरही त्याच वाटेने जायचे.

दोनच नवे टायर घ्यायचे झाले तर ते कोठे घालावेत? पुष्कळांचे उत्तर ‘पुढे’ असे असते. पण ते मागेच घालावेत. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली, तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. वेग कमी केला की बहुधा सावरते. मागली घसरली, तर गाडीच गर्रकन फिरते. ताम्हिणीच्या ओल्या वळणावर, मुलेबाळे मागे बसलेली असताना, ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही.

टायरच्या खाचांत 1.6 मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायरची सेवा संपली. महिन्यातून एकदा, हवा भरताना, हे उंचवटे आतल्या कडेपाशीही पाहावेत. त्यासाठी गुडघे टेकावे लागले तरी संकोच नको.