संमतीचं वय: दहा, बारा, अठरा

बहारीनच्या सलमानियातल्या मराठी आईबापांना मुलांच्या वयाचा कायदा दोन देशांचा माहीत असावा लागतो. तिथल्या 2017 च्या कुटुंब कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलीचं लग्न न्यायालयाच्या परवानगीशिवाय होत नाही. पीडितेशी लग्न केल्यास बलात्काऱ्याची शिक्षा टळण्याची तरतूद तिथे 2023 साली रद्द झाली, हे फार चांगलं झालं.

आपल्याकडे, भारतात, हा वाद जुना आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला नकार दिला, तेव्हा 1887 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना 'नांदा, नाहीतर तुरुंगात जा' असं बजावलं. पुढे 1891 च्या कायद्याने मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा झालं, तेही विवाहातल्या संबंधांना धरून. आगरकर, रानडे, भांडारकर बाजूने होते. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात.

2012 च्या पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने ही मर्यादा मुलगा-मुलगी दोघांसाठी अठरा केली. पण सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःहून निवडलेला एकोणीस वर्षांचा मित्रही त्यामुळे आरोपी ठरतो. विधी आयोगाने 2023 साली वय न घटवता सोळा ते अठरा वयोगटात न्यायाधीशांना विवेकाधिकार द्यायला सुचवलं. मला हे अपुरं वाटतं: खटला उभा राहिला की बदनामी झालेलीच असते. वय अठराच ठेवावं, पण जवळच्या वयाच्या मुलांना कायद्यातच सूट हवी. शिक्षक, नातेवाईक, मालक यांना मात्र कधीच नको.