उभ्या वाहनाची बॅटरी व तिची निगा

शेतकऱ्याच्या साधनांचे दोन वर्ग पडतात. नांगर, कुळव, पाभर हीं काम संपल्यावर छपरांत ठेवून दिलीं म्हणजे पुढील हंगामापर्यंत कांहीं मागत नाहींत. दुसरा वर्ग दावणीच्या जनावरांचा. बैल जुंपलेला असो वा नसो, त्यास वैरण-पाणी लागतेंच. मोटार व ट्रॅक्टर हीं लोखंडाचीं असल्यामुळें आपण त्यांस सहजच पहिल्या वर्गांत घालतों. त्यांचा लोखंडी सांगाडा नांगराच्या जातीचा आहे हें खरें; परंतु त्यांस जागें करणारी बॅटरी बैलाच्या जातीची आहे. ती उभ्यानें खर्च होते, उपाशी राहिल्यास खंगते, आणि फार दिवस उपाशी ठेवल्यास पुन्हां उठत नाहीं.

माणसारख्या अवर्षणप्रवण मुलखांत या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. रब्बीची पेर उरकल्यावर पुढें पुरेसें काम नसल्यामुळें कित्येक ट्रॅक्टर महिनोन् महिने पत्र्याच्या छपरांत उभे राहतात. मग मृगाचा किंवा त्यामागून येणारा पाऊस एकदांचा पडतो. आपल्याकडील हलक्या, उथळ जमिनींत वाफसा फार दिवस टिकत नाहीं. त्याच सकाळीं किल्ली फिरवावी तों नुसता ‘टक्’ असा आवाज यावा! साऱ्या गांवाची पेर एकाच वेळीं चालू असल्यामुळें भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाहीं, आणि दोन दिवसांच्या खोळंब्यानें बाजरीची उगवण विरळ होते. बॅटरीची किंमत चार-सहा हजार रुपये धरली, तरी हुकलेल्या वाफशाची किंमत त्याहून पुष्कळ मोठी असते.

मोटारींची गोष्टहि अशीच आहे. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या तालुक्यांतील अनेक कुटुंबें सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलीं आहेत. अशांनीं गांवच्या घरीं ठेवलेली मोटार मार्गशीर्षांत म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथोत्सवास फिरते, ती पुढें एकदम चैत्रांत शिखर शिंगणापूरच्या यात्रेस लागते. मधले चार महिने ती उभीच. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां उभ्या मोटारीची बॅटरी उतरते हा अनुभव शहरवासीयांसहि आला. रात्रीं-अपरात्रीं घरांतील आजारी माणसास दवाखान्यांत न्यावयाचें असतां हा अनुभव आल्यास तो किती महागांत पडेल, हें सांगावयास नको.

बॅटरी उभ्यानें कां उतरते?

शिसें व गंधकाम्ल यांवर चालणारी, पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यानें १८५९ सालीं सिद्ध केली. आज आपल्या वाहनांत असते ती तिचीच सुधारलेली पिढी होय. १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला आणि पुढें हँडल मारून इंजिन फिरविण्याची रीत हळूहळू मागें पडली. आजच्या मोटारीस हँडल घालण्याची सोयच नसते. म्हणजे सर्व भिस्त बॅटरीवर.

बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा खण असतात. प्रत्येक खणांत शिशाच्या पट्ट्या पातळ गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. वीज खर्च होते तेव्हां आम्लांतील गंधकाचा अंश पट्ट्यांवर बसून त्यांवर एक पांढरट क्षार तयार होतो, व आम्ल पाणचट होतें. बॅटरी भरतांना हीच क्रिया उलट होते व क्षार विरघळतो. परंतु बॅटरी उतरलेल्या स्थितींत तशीच पडून राहिली, तर त्या क्षाराचे बारीक कण वाढून कठीण होतात. मग ते कितीहि वीज दिली तरी पुरते विरघळत नाहींत. महसुली कामांत ज्यांचा संबंध आला आहे त्यांस हें लवकर पटेल : थकबाकी ताजी असतां वसूल होते, जुनी झाली कीं बुडीत निघते.

बॅटरी उतरण्याचीं कारणें दोन. पहिलें अंतर्गत : कांहींहि जोडलेलें नसतांना बॅटरी आपल्या आपण थोडी थोडी उतरते. उष्णतेनें हा वेग वाढतो. दर दहा अंशांस तो सुमारें दुप्पट होतो असें स्थूल मानानें समजावें. पारा चाळिशीच्या घरांत असतां पत्र्याखालीं उभा असलेला ट्रॅक्टर थंडीच्या दिवसांपेक्षां कितीतरी लवकर उतरतो, तो यामुळेंच. दुसरें कारण बाहेरचें : नव्या मोटारींत किल्ली काढल्यावरहि घड्याळ, चोरीची सूचना देणारें यंत्र, दारांचें कुलूप व इंजिनाचा संगणक हीं थोडी थोडी वीज घेत राहतात. त्यांत मागाहून बसविलेला कॅमेरा, ठावठिकाणा कळविणारें यंत्र किंवा गाण्यांचा संच यांची भर पडते. डिकीचा दिवा झांकण नीट न बसल्यामुळें जळत राहिला, तर एकटा तोच दोन-चार दिवसांत बॅटरी रिकामी करूं शकतो.

खात्याचा हिशेब

जन्म खातेवहींत गेल्यामुळें प्रस्तुत लेखकास प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडल्यावांचून समाधान वाटत नाहीं. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरूं. उभ्या मोटारीचा चोरटा खर्च २० ते ५० मिलिअँपिअर असणें सर्वसाधारण समजलें जातें. तो ३० धरला तर दिवसाचा खर्च ०.७२ अँपिअर-तास, आठवड्याचा सुमारें ५, व महिन्याचा २१.६. त्यांत अंतर्गत घट मिळविली म्हणजे महिन्यांत दोनतृतीयांश शिल्लक संपली, व दीड महिन्यांत खातें रिकामें झालें. इंजिन फिरविण्याची ताकद तर त्याच्याहि आधीं जाते.

आतां जमेची बाजू पाहूं. पुष्कळजण आठवड्यांतून एकदां मोटार जागेवरच पांच मिनिटें चालू ठेवतात व काम झालें असें मानतात. इंजिन मंद फिरत असतां बॅटरींत १२ अँपिअर जात आहेत असें धरलें, तरी पांच मिनिटांत १ अँपिअर-तास जमा होतो. खर्च पांच व जमा एक, असें खातें कोठवर चालेल? शिवाय इतक्या वेळांत इंजिन नीट तापत नाहीं, व धूर जाण्याच्या नळींत पाणी सांठून ती गंजते. याकरितां वाहन फिरवावयाचेंच तर पंधरवड्यांतून एकदां निदान पाऊण तास रस्त्यावर चालवावें. तेवढें जमत नसेल, तर पुढील उपाय करावा.

वाहन उभें करून ठेवतांना

महिन्याहून अधिक काळ वाहन उभें राहणार असेल, तर प्रथम बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. अर्धवट उतरलेली बॅटरी सोडून ठेवणें म्हणजे बैल उपाशी ठेवून परगांवीं जाण्यासारखें आहे. झांकणें उघडतां येतात अशा बॅटरींतील पाण्याची पातळी पहावी. पट्ट्या बुडून वर सुमारें १० मिलिमीटर पाणी असावें. कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावें. आपल्या विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी क्षारयुक्त असल्यामुळें तें कदापि घालूं नये. वरून आम्लहि घालूं नये. बंद जातीची बॅटरी उघडण्याचा प्रयत्न करूं नये. खांबांवर पांढरी-हिरवी भुकटी आली असल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावी, मात्र तें पाणी झांकणांतून आंत जाऊं देऊं नये. नंतर कोरडें पुसून, जोडणी घट्ट करून वरून व्हॅसलीन लावावें. बॅटरीच्या माथ्यावरील ओलसर धुळींतूनहि वीज झिरपते, म्हणून माथा स्वच्छ ठेवावा.

त्यानंतर जोडणी सोडावी. काळी, म्हणजे वजा खुणेची तार आधीं सोडावी व परत जोडतांना सर्वांच्या शेवटीं जोडावी. याचें कारण असें कीं, लाल तार आधीं सोडतांना पाना वाहनाच्या अंगास लागला तर मोठी ठिणगी पडते. काळी सुटलेली असल्यास तें भय राहत नाहीं. फार जुन्या कांहीं ट्रॅक्टरांत अधिक खुणेची तार वाहनाच्या अंगास जोडलेली असते. तेथें तीच आधीं सोडावी. ट्रॅक्टरवर हातानें फिरविण्याचा तोडस्विच बसविला तर पाना लागतच नाहीं. नव्या मोटारींत तार सोडल्यावर घड्याळ व कांचांची मांडणी पुन्हां लावावी लागते, आणि दारें विजेनें उघडत नाहींत. म्हणून मोटारीबरोबरची माहितीपुस्तिका आधीं वाचावी व साधी किल्ली जवळ ठेवावी.

तार सोडली कीं बाहेरचा खर्च थांबतो. अंतर्गत घट चालूच राहते. त्यासाठीं महिना-दीड महिन्यानें बॅटरी पुन्हां भरावी. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा प्रवाह, म्हणजे ३५ च्या बॅटरीस साडेतीन अँपिअर, हा भरण्याचा सुरक्षित दर होय. भरल्यावर आपोआप मंदावणारे लहान चार्जर मिळतात. ते लावून ठेवतां येतात. जेथें छपरांत वीज नाहीं तेथें १० वॅटचें सौर तावदान नियंत्रकासह लावावें. पांच तास कडक उन्हांत तें सुमारें अडीच अँपिअर-तास देतें, व ऊन ही एक गोष्ट माणांत कमी नाहीं. भरतांना निघणारा वायु स्फोटक असतो. जवळ विडी, काडी अगर दिवा आणूं नये, आणि जागा मोकळी असावी. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास तत्काळ भरपूर पाण्यानें धुवावें, व डोळ्यांस लागलें असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावें.

परीक्षेसाठीं साधें व्होल्टमापक पुरतें. वाहन रात्रभर उभें राहिल्यानंतर सकाळीं मोजावें. १२.६ अगर अधिक म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. १२.४ च्या खालीं आल्यास भरण्यास विलंब लावूं नये. वहीच्या एका पानावर तारीख व आंकडा लिहीत गेल्यास खर्च वाढला कीं लगेच ध्यानांत येतें.

दोन समजुती

बॅटरी फरशीवर ठेवली कीं उतरते, अशी समजूत आहे. ती जुन्या, लांकडी वगैरे पेट्यांच्या काळापासून चालत आली आहे; आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीस ती लागू नाहीं. दुसरी समजूत घातक आहे : इंजिन चालू असतां बॅटरीची तार काढून डायनॅमो पाहणें. तसें केल्यास व्होल्टेज एकदम उसळून नव्या वाहनांतील संगणक जळण्याचा संभव असतो.

बॅटरी उतरलीच तर

दुसऱ्या वाहनाची मदत घेतांना दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत हें पहावें. मोठ्या ट्रकांत बहुधा २४ व्होल्ट असतात. लाल तार लालास जोडावी. काळ्या तारेचें एक टोंक चांगल्या बॅटरीच्या वजा खांबास व दुसरें बंद वाहनाच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर, लावावें. वाहन चालू झाल्यावर उलट क्रमानें तारा काढाव्या, आणि त्याच दिवशीं बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी.

वरील सर्व कामास महिन्याकाठीं तासाभराहून अधिक वेळ लागत नाहीं. बेंदराच्या दिवशीं आपण बैलांस धुऊन, रंगवून, पोळी चारतों. परंतु बैल जगतो तो रोजच्या वैरणीवर. वैशाख सरण्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपल्या छपरांतील ट्रॅक्टरची बॅटरी एकदां मोजून, भरून ठेवावी, म्हणजे मृगाच्या सकाळीं वाफसा व यंत्र दोन्ही एकाच वेळीं हातीं असतील.