निसानची दाढी

दाढी बांधायला आधी ओलं गवत लागतं. 31 मार्चच्या संध्याकाळी इराकी कुर्दिस्तानातल्या दुहोक शहराबाहेरच्या उतारावर बायका आणि मुली ते कापत होत्या. लांब पात्यांचं रानगवत, मधूनच बाबुण्याची पांढरी फुलं, काही लाल रानफुलं. मूठ भरली की देठांना दोरा गुंडाळायचा, जुडी झटकून माती-किडे पाडायचे आणि शेंडे खाली येतील अशी दाराच्या चौकटीवर टांगायची. ही ‘दिकना द-निसान’, म्हणजे निसान महिन्याची दाढी. आम्ही गुढीला कडुलिंब बांधतो तसंच हे दारावरचं हिरवं. ज्या घरी मी उतरले होते तिथल्या आजींनी सुनेनं बांधलेली जुडी सोडली, आणखी दोन मुठी गवत घातलं आणि पुन्हा आवळली. दाढी विरळ दिसायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

घरातलं काम इथे संपलं. सणाचं बाकीचं सगळं रस्त्यावर.

1 एप्रिलला असिरियन लोकांचं नवं वर्ष, अकितू. मिरवणुकीच्या फलकांवर आकडा होता 6773. हा आकडा मात्र त्या गवताइतका जुना नाही. इसवी सनात 4750 मिळवायचे, ही मोजणी 1950 च्या दशकात तेहरानहून निघणाऱ्या ‘गिल्गमेश’ या असिरियन मासिकातून रुळली. 1 एप्रिल ही तारीखही सोयीची. प्राचीन बॅबिलोनमध्ये निसान्नू महिना चंद्र दिसल्यावर सुरू होई आणि अकितूचा सण बारा दिवस चाले. त्या बारा दिवसांत काय काय करायचं हे सांगणाऱ्या मातीच्या पाट्यांचा मजकूर फ्रेंच अभ्यासक फ्रांस्वा थ्युरो-दांजाँ यांनी 1921 साली प्रसिद्ध केला. पाट्या अर्धवट आहेत, पण त्यांत पुजाऱ्याच्या कामाची बारीकसारीक नोंद आहे. तिसऱ्या दिवशी कारागिराला बोलावून लाकडाच्या दोन छोट्या मूर्ती करून घ्यायच्या, एकीच्या हातात साप, दुसरीच्या हातात विंचू. सहाव्या दिवशी त्यांची मुंडकी उडवून त्या जाळायच्या. चौथ्या संध्याकाळी मर्दुक देवासमोर ‘एनुमा एलिश’ हे सृष्टीच्या उत्पत्तीचं काव्य म्हणायचं. पाचव्या दिवशी मेंढा मारून त्याच्या धडाने देवळाची एक खोली पुसून शुद्ध करायची, धड नदीत टाकायचं. ज्यांनी हे केलं त्यांनी सण संपेपर्यंत गावाबाहेर राहायचं.

आणि त्याच दिवशी राजाची थप्पड. मुख्य पुजारी राजाची राजचिन्हं काढून घेई, त्याच्या गालफडात मारी, कान धरून देवापुढे वाकवी. मी पाप केलं नाही, बॅबिलोनची हेळसांड केली नाही, असं राजाने म्हणायचं. मग राजचिन्हं परत मिळत आणि पुन्हा एक थप्पड. डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न, नाही आलं तर राजाचं काही खरं नाही.

दुहोकमध्ये यातलं काहीच होत नाही. चालणारे लोक ख्रिस्ती आहेत, मर्दुक त्यांचा देव नाही. थप्पड गाळली याची मला हळहळ वाटली. नेत्यांची रांग पुढे होतीच.

मिरवणुकीचा खरा मालमसाला म्हणजे कपडे, ढोल आणि झेंडा. पुरुषांच्या लोकरी टोप्यांत पिसं खोवलेली. गर्दीत कोण कुठे आहे ते पिसांवरून कळे. पांढऱ्या झेंड्यावरच्या निळ्या, पांढऱ्या, लाल लाटा म्हणजे फरात, मोठी झाब आणि तिग्रिस या नद्या. 1968 मध्ये तो घडवला गेला. इतक्या नव्या गोष्टी एकत्र शिवलेल्या दिसल्यावर हा सण उभा केलेला आहे, असं म्हणणारे भेटतात. उभा केलेलाच आहे. पण बगदादमधल्या बाथ पक्षाच्या राजवटीत दडपला गेला तो हाच, रस्त्यावरचा सण. दारावरच्या गवताला कोण विचारतो? 1991 नंतर उत्तर इराक बगदादच्या हाताबाहेर गेला तेव्हा कुठे इथे उघड मिरवणुकीला वाट मिळाली. माझ्या मते या सणाचं वय त्या वाटेवरून मोजावं.

मी गेले त्या वर्षी रमजान चालू होता, त्यामुळे बाजारातली चहाची दुकानं दिवसा बंद. ईस्टरपूर्वीचे उपासही चालूच होते. म्हणून नव्या वर्षाच्या दोल्म्यात मांस नव्हतं; द्राक्षाच्या पानांत नुसता भात आणि पालेभाजी. आजी त्यावरही नाराज होत्या, पण उपास मोडायला तयार नव्हत्या.

2025 साली याच शहरात अकितूच्या गर्दीवर एकाने कुऱ्हाड चालवली. माणसं जखमी झाली. त्याआधी मी पाहिलेल्या मिरवणुकीतही पोलिस होते, त्यांतला एक सतत हाताने लोकांना कडेला सारत होता, कारण मैदानात खिग्गा या नाचाची रांग वाढतच होती. करंगळीत करंगळी अडकवायची, उजवीकडे सरकायचं, पुढचा माणूस रुमाल फिरवतो. मधेच कुणी घुसलं तर दोन करंगळ्या सुटतात आणि दोन नव्या जुळतात, पाय न थांबता. रांग पोलिसाला वळसा घालून गेली.