फाल्गुन-चैत्रातील वनवाटा

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या धगधगत्या भट्ट्या. भारत-सोव्हिएत करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. परंतु त्या भट्टीला लागणारे लोहखनिज आले ते दक्षिणेकडील दल्ली-राजहराच्या डोंगरांतून. पश्चिमेस डोंगरगड आणि उत्तरेस कवर्ध्यापलीकडची मैकल रांग धरली, तर हे पोलादनगर वनाच्छादित डोंगरांच्या सान्निध्यात वसले आहे, असे म्हणावे लागते. वसंत लागला की नागरजनांची पावले या डोंगरांकडे वळतात. चैत्र नवरात्रात डोंगरगडच्या बम्लेश्वरीला तर भाविकांची रीघ लागते.

डोंगरगडावर हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. तेथे वाट चुकण्याचे भय नाही. रानातील पायवाटेचे तसे नसते. पावसाळ्यात वाट निसरडी असते, हे सर्वांस ठाऊक आहे. कोरड्या वसंतातही ती निसरडी असते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. साग या दिवसांत निष्पर्ण होतो आणि त्याची रुंद, खरखरीत पाने उतारावर थरावर थर साचतात. त्यांच्याखाली तांबड्या मुरमाचे वाटोळे खडे दडलेले असतात. पाय पाचोळ्यावर पडतो आणि खाली खडा गडगडतो. चढताना जी वाट सोपी वाटते, ती उतरताना फसवते ती यामुळेच. हातातील काठीने पाचोळा चाचपून, आखूड पावले टाकीत उतरणे हाच यावरचा उपाय होय. सालवनात त्याच सुमारास कोवळी पालवी फुटते व सावली राहते. सागवनात ती सावलीही नसते. लहान ओढे आटलेले असल्याने पिण्याचे पाणी बरोबर नेलेच पाहिजे.

वसंतातील दुसरे वैशिष्ट्य म्हणजे मोह. त्याची रसाळ फुले पहाटे गळू लागतात आणि ती वेचण्यास माणसांप्रमाणे अस्वलेही येतात. म्हणून उजाडण्यापूर्वी व दिवेलागणीनंतर मोहाच्या झाडांखालून एकट्याने जाऊ नये. चारचौघांनी बोलत जावे, म्हणजे अस्वल बिचकत नाही, आपण होऊन दूर होते. कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. त्यांच्याजवळ धूर करणे हा तर वेडेपणाच.

या साऱ्याहून मोठे संकट वणव्याचे. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची जुनी रीत आहे. ती ठिणगी वाऱ्याबरोबर रानात शिरते. वनखाते जाळरेषा आखते, म्हणजे ठरावीक पट्ट्यातील पाचोळा आधीच काढून आगीची वाट तोडते. झाडाखाली जाळी पसरून फुले झेलण्याची पद्धतही आता रूढ होऊ लागली आहे. वाटसरूने टाकलेली जळती विडी मात्र हे सारे प्रयत्न क्षणात व्यर्थ ठरवू शकते.

जमिनीलगतच्या वणव्याने मोठे वृक्ष सहसा मरत नाहीत; करपतात ती रोपे, म्हणजे उद्याचे अरण्य. पाचोळ्याचे पांघरूण गेले की उघड्या मातीवर मृगाच्या सरी थेट आदळतात, माती वाहून जाते आणि ज्या पायवाटेने लोक गेले, तिथेच पुढील वर्षी घळ पडलेली दिसते. पाचोळा पायाला अडचणीचा खरा; परंतु तोच डोंगराची माती धरून ठेवतो. त्याला काठीने बाजूस सारावे, काडीने पेटवू नये. भिलाईची आग भट्टीत आहे तोवर ती देशाचे पोलाद घडवते. रानात तीच आग मोकळी सुटली, तर मागे राखेवाचून काही उरत नाही.